बॅटरीचे दुसरे आयुष्य आणि शिशाचा थकलेला हिशेब

विजेवर चालणाऱ्या वाहनांची पहिली मोठी पिढी आता वयात आली आहे आणि तिच्या बॅटऱ्या गाडीतून उतरू लागल्या आहेत. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता मूळच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आली की गाडीचा पल्ला खुंटतो आणि मालकाला ती बदलावीशी वाटते. पण त्याच बॅटरीला सौरऊर्जेच्या साठवणुकीत, मोबाइलच्या टॉवरवर किंवा दुकानाच्या इन्व्हर्टरमागे आणखी काही वर्षे काम करता येते. या उरलेल्या क्षमतेवर एक धंदा उभा राहत आहे. बॅटरी विकण्याऐवजी भाड्याने द्यायची, परत घ्यायची, तपासून हलक्या कामाला लावायची आणि अगदीच निकामी झाली की तिच्यातले लिथियम, निकेल, कोबाल्ट, तांबे काढून पुन्हा कारखान्यात पाठवायचे. गुंतवणूकदारांसमोर हे सारे अपूर्व म्हणून मांडले जाते. वास्तविक यातली प्रत्येक पायरी मानवाने पूर्वी कधी ना कधी चढून पाहिली आहे, काही वेळा यशस्वीपणे आणि काही वेळा फार मोठी किंमत मोजून. त्या किमतीचा सर्वात ताजा हिशेब आपल्याच देशात थकलेला असताना नव्या खतावणीचे पान उलटण्याची घाई चालली आहे.

धातू परत घेण्याच्या व्यवहारातला मूळ पेच कौटिल्याने ओळखला होता. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोनारांना घालून दिलेला दंडक असा की गिऱ्हाइकाकडून सोने ज्या वर्णाचे आणि ज्या वजनाचे घेतले, त्याच वर्णाचे आणि वजनाचे ते परत गेले पाहिजे; मध्ये कितीही काळ लोटला तरी हे बंधन सुटत नाही, सूट मिळते ती फक्त वापराने झालेल्या झिजेपुरती. त्याच ओघात खोट्या तराजूपासून धातूच्या अदलाबदलीपर्यंत लबाडीचे प्रकार एकामागून एक नोंदवले आहेत, कारण वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिचे खरे मोल कोण ठरवणार हा प्रश्न राज्याने वाऱ्यावर सोडला तर दुबळा पक्ष नागवला जातो, हे त्या ग्रंथकाराला पक्के ठाऊक होते. विश्वासार्ह मोजमाप, झिजेचा प्रामाणिक हिशेब आणि उत्तर द्यायला बांधलेला माणूस, एवढ्या तीन गोष्टींवर तो दंडक उभा आहे. पुढच्या दोन हजार वर्षांत जिथे जिथे वापरलेली वस्तू सुखाने दुसऱ्या आयुष्यात गेली, तिथे या तिन्ही गोष्टी कोणत्या तरी रूपात हजर होत्या.

१७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या सैन्याबरोबर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा घाटावर आल्या. भीमाशंकरला, नाशकात नारोशंकराच्या देवळात, मेणवलीच्या घाटावर त्या अजून टांगलेल्या आहेत. युरोपात शतकानुशतके घंटा वितळवून तोफा आणि तोफा वितळवून घंटा ओतल्या जात होत्या. तोफांची गरज मराठ्यांनाही होतीच. तरीही या घंटा घंटाच राहिल्या. ओतकामाचे श्रम, सुराचा बंदोबस्त, कारागिराचे कसब हे सगळे मूळ रूपात जपले गेले, जे भट्टीत गेले असते तर फक्त धातूचे वजन शिल्लक राहिले असते. वस्तू तिच्या रूपात वापरणे हे तिचा धातू काढण्यापेक्षा वरच्या पायरीवरचे काम आहे, हा आजचा बॅटरी-विचार त्या देवळांच्या मंडपात सहज सिद्ध झालेला दिसतो. मात्र घंटेची एक सोय होती. तिला तडा गेला असेल तर एका टोल्यात ते चारचौघांच्या कानावर जाते. बॅटरीतला बिघाड बाहेरून दिसत नाही, ऐकू येत नाही आणि पुढे सगळे अडते ते याच ठिकाणी.

पेठांमधला मोडीचा व्यवहारही याच शहाणपणावर चालला. जुने तपेले किंवा घंगाळ दुकानात न्यायचे, ते डोळ्यांदेखत तोलले जायचे, घट धरली जायची आणि नव्या भांड्यापोटी मुख्यतः घडणावळ द्यावी लागायची. पुण्याच्या तांबट आळीत घरातले तांबे असे पिढ्यान्‌पिढ्या रूप बदलत राहिले. इंग्रजी अमदानीत छापखाने आले तेव्हा जावजी दादाजींनी मुंबईत खिळ्यांचा कारखाना आणि त्याच्या जोडीला निर्णयसागर उभा केला, आणि तिथे मराठी अक्षर शिशात ओतले जाऊ लागले. पान छापून झाले की जुळारी खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकत, झिजलेले खिळे भट्टीत जात आणि त्याच शिशाचे नवे अक्षर होई. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा तो मिश्रधातू वर्षानुवर्षे फिरत राही, जवळजवळ काहीही वाया न जाता. एवढे बंदिस्त वर्तुळ आजच्या कोणत्याही कंपनीने अजून साधलेले नाही. आणि तरीही छापखान्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसांच्या शरीरात ते शिसे साचत होते. ज्ञानप्रसाराच्या त्या थोर पर्वाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाने ही बाजू फारशी लिहून ठेवलेली नाही. धातूचे वर्तुळ पूर्ण झाले म्हणजे माणसाचे नुकसान टळले, असे होत नाही. शिसे आणि अँटिमनी यांची हीच जोडी पुढे बॅटरीच्या पट्ट्यांमध्ये येणार होती.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये शिसे-आम्लाची पुन्हा भारता येणारी बॅटरी बनवली आणि १८८१ मध्ये कामीय फोर याने तिला कारखान्यात तयार होण्याजोगे रूप दिले. एकोणिसावे शतक संपताना न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर विजेच्या टॅक्सी धावू लागल्या. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत टॅक्सी विकली जात नसे, भाड्याने मिळे. बॅटरी उतरली की गाडी आगारात येई, यंत्राने तिचा जड संच बाहेर ओढला जाई आणि भारलेला संच काही मिनिटांत आत ढकलला जाई. म्हणजे आज ज्याला बॅटरी-अदलाबदल म्हणतात ती गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात होती. तिची मालक कंपनी पुढे शेअरबाजारातल्या खेळात आणि पेटंटच्या भांडणात शिरली, खडबडीत रस्त्यांवर हादरे खाणाऱ्या बॅटऱ्यांची निगा मागे पडली आणि १९०७ मध्ये ती बुडाली.

त्यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा प्रयोग कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात झाला. तिथल्या वीज कंपनीने १९१० च्या दशकात मालवाहू विजेच्या गाड्यांसाठी बॅटरी-सेवा सुरू केली. गाडी घ्यायची ती बॅटरीविना. बॅटरीची मालकी वीज कंपनीकडे, आणि गाडीवाल्याने दरमहा ठरावीक शुल्क देऊन शिवाय जितके मैल धावले तितक्याचे पैसे द्यायचे. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावर साठ लाखांहून अधिक मैलांची वाहतूक झाली. ती इतकी वर्षे टिकली याचे कारण रसायनात शोधू नये. बॅटरी आपली आहे म्हटल्यावर ती नीट भारणे, वेळेत दुरुस्त करणे आणि शेवटच्या दिवसापर्यंत वापरणे यातच कंपनीचा नफा होता. मालकी एका हाती राहिली, त्यामुळे झिजेची नोंद त्याच हाती राहिली आणि जबाबदारीही. पेट्रोलच्या गाड्या स्वस्त आणि लांब पल्ल्याच्या झाल्या तेव्हा ही सेवा संपली आणि तिच्याबरोबर तिचा धडाही विस्मरणात गेला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. पेट्रोलच्या गाडीचे हँडल फिरवण्याचे कष्ट संपले, विजेची गाडी मागे पडली आणि ज्या शिशाच्या बॅटरीवर ती चालत होती, ती बॅटरी मात्र जगातल्या प्रत्येक मोटारीच्या बॉनेटखाली जाऊन बसली.

इथून शिशाचा तो इतिहास सुरू होतो ज्याकडे लिथियमच्या प्रवर्तकांनी डोळे उघडून पाहायला हवे. आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे बॅटऱ्यांत जाते आणि ते काढणे इतके सोपे आणि फायद्याचे आहे की टाकून दिलेली शिशाची बॅटरी उकिरड्यावर पडलेली क्वचितच दिसते. अमेरिकेत तर जवळजवळ सगळ्याच बॅटऱ्या परत येतात. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या व्याख्यानांत हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण गरीब देशांत हे वर्तुळ कुठे पूर्ण होते ते पाहिले पाहिजे. वस्तीच्या कडेला पत्र्याच्या आडोशात बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल गटारात किंवा जमिनीवर ओततात, काळ्या पट्ट्या हातांनी वेगळ्या करतात, उघड्या भट्टीत त्या वितळवतात आणि लादी ओतून संध्याकाळपर्यंत विकून टाकतात. धुराबरोबर उडालेले शिसे अंगणात, पाण्यात, रांगणाऱ्या मुलाच्या बोटांवर येते. सेनेगलमधल्या डकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत अठरा मुले यानेच दगावली. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी काढलेल्या अहवालाप्रमाणे जगातल्या तब्बल ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांतली सुमारे २७ कोटी मुले भारतातली आहेत. शिसे शरीरात जाण्याच्या वाटा अनेक आहेत, तरी बॅटऱ्यांच्या बेकायदा भट्ट्या त्यांतल्या मोठ्या वाटांपैकी एक. मुलाच्या मेंदूवर झालेला शिशाचा परिणाम भरून निघत नाही.

भारताकडे कायदा नव्हता असे नाही. २००१ मध्ये बॅटऱ्यांचे नियम आले. नवी बॅटरी विकताना जुनी परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले आणि तिसऱ्या वर्षापासून नव्वद टक्के बॅटऱ्या परत येतील असे उद्दिष्ट कागदावर उतरले. विवरणपत्रे भरली जात राहिली. बाजारात मात्र एक साधे गणित चालत होते. नोंदणीकृत कारखान्याला धूर गाळण्याचा, आम्ल निवळण्याचा, कामगारांच्या तपासणीचा खर्च होता. आडोशातल्या भट्टीला तो नव्हता, म्हणून ती भंगारवाल्याला किलोमागे जास्त भाव देऊ शकत होती. जुनी बॅटरी जास्त भावाकडे वाहत गेली. गेल्या दशकात उत्तर भारताच्या शहरांत ई-रिक्षांची लाट आली तीही याच शिशावर. जेमतेम वर्ष-दीड वर्षात बदलाव्या लागणाऱ्या त्या संचांनी भट्ट्यांना अखंड कच्चा माल पुरवला. हवा स्वच्छ करायला निघालेल्या वाहनाने वस्तीतली माती नासवली, आणि याची नोंद स्वच्छ वाहतुकीच्या एकाही प्रगतिपुस्तकात झाली नाही. हे लिहिताना राग आवरत नाही, कारण यातले काहीही अज्ञानातून घडलेले नाही.

शेजारच्या काठमांडूत १९९० च्या दशकात विजेवर चालणारे तीनचाकी सफा टेम्पो आले आणि १९९९ मध्ये धुराचे डिझेल टेम्पो हटवल्यावर त्यांची संख्या सहाशेच्या वर गेली. त्यांतले कितीतरी टेम्पो बायका चालवतात. दिवसात मध्येच भारण केंद्रावर थांबून बॅटऱ्यांचा संच बदलायचा आणि पुढे निघायचे, ही न्यूयॉर्कच्या आगारातली पद्धत तिथे कुणी इतिहास न वाचता पुन्हा शोधून काढली. संचाची किंमत आणि त्याचे आटत जाणारे आयुष्य हा तिथल्या चालक-मालकांना कायमचा घोर.

लिथियमकडे येऊ. अकिरा योशिनो यांनी व्हिटिंगहॅम आणि गुडइनफ यांच्या संशोधनावर उभी केलेली बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. २०१० मध्ये निसानची लीफ आली आणि त्याच वर्षी निसान व सुमितोमो यांनी जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरासाठी ४आर एनर्जी ही कंपनी काढली, म्हणजे गाडी रस्त्यावर येण्याच्या सुमारासच तिच्या बॅटरीच्या वार्धक्याची सोय लावायला घेतली. तिचा कारखाना २०१८ मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या नामिए गावी उघडला, जे गाव अणुदुर्घटनेने ओस पडले होते. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियमखाली १४८ लीफ गाड्यांइतक्या बॅटऱ्यांचा, काही नव्या आणि काही वापरलेल्या, साठा बसवला गेला. उलट अनुभवही त्याच दशकातला: इस्रायलमध्ये बॅटरी-अदलाबदलीचे जाळे विणणारी बेटर प्लेस ही कंपनी कोट्यवधी डॉलर उभारूनही २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण तिच्या आगारात बसेल अशी बॅटरी बनवायला मोटार कंपन्या फारशा पुढे आल्या नाहीत. आपल्याकडे बंगळूर आणि बर्लिनमधून चालणाऱ्या नुनाम या संस्थेने ऑडीच्या चाचणी-गाड्यांतल्या वापरलेल्या बॅटऱ्या तीन ई-रिक्षांत बसवून दाखवल्या. युरोपातल्या महागड्या मोटारीतून निवृत्त झालेली बॅटरी भारतातल्या रिक्षावालीचे पोट भरू शकते, ही कल्पना सुंदर आहे. त्याच वेळी मनात येते की गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून मोडण्यासाठी आलेली जहाजेही सुरुवातीला अशीच संधी म्हणून आली होती. श्रीमंत देशातून येणाऱ्या जुन्या वस्तूबरोबर तिच्या मरणाचा खर्चही येतो आणि तो बिलावर लिहिलेला नसतो.

आता जो फरक आहे तो समजून घेतला पाहिजे. शिशाची बॅटरी कुठेही फोडली तरी पैसे देते. भारतातल्या दुचाकी-तीनचाकींत वाढत्या प्रमाणात वापरली जाणारी लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी तसे देत नाही. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, आणि थोडेसे लिथियम काढायला लागणारा खर्च अनेकदा मिळकतीपेक्षा जास्त. म्हणजे शिशाच्या बाबतीत बाजाराने निदान धातूचे वर्तुळ तरी पुरे केले होते, इथे तेवढेही तो आपणहून करणार नाही. म्हणून या बॅटरीला दुसरे आयुष्य देणे हाच तिचा खरा उपयोग. पण त्याच्याही वाटेत स्वस्ताई उभी आहे. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीत नव्या बॅटरी-संचाचा सरासरी भाव २०१० मध्ये दर किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. नवे इतके स्वस्त झाल्यावर जुने तपासून, जुळवून, हमी देऊन विकणाऱ्याला काय उरते? पानिपतच्या ज्या कारखान्यांनी जगभरच्या जुन्या लोकरीच्या कपड्यांतून ब्लँकेटे विणली, त्यांचा धंदा स्वस्त पॉलिएस्टरच्या फ्लीसने कसा खाल्ला, हे त्या गावात कुणीही सांगेल.

आणि तपासणी हे सोपे काम नाही. दुरुस्तीच्या एखाद्या खोलीत जुना संच उघडताना पाहावे. वरचे झाकण निघाले तरी आतले सेल गोंदात किंवा फेसात चिकटवलेले असतात. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटरना लागलेल्या आगींनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले ते योग्यच, पण आग अडवण्यासाठी भरलेला तोच लगदा सेल वेगळे करताना आडवा येतो. मग निकेलच्या पट्ट्या एकेक करून सोडवायच्या, प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजायचा, सारखे सेल एका ढिगात लावायचे. एक कमजोर सेल चांगल्या दहांमध्ये गेला तर तो आधी तापतो आणि बाकीच्यांना घेऊन जातो. हे काम करणारा कारागीर बहुधा हातमोजे न घालता बसलेला असतो. त्या बॅटरीच्या आत एक छोटा संगणक असतो, बीएमएस. किती वेळा भारली, किती तापली, कोणता सेल केव्हापासून खचला, याचा बराचसा वृत्तांत त्याच्याजवळ असतो. कारागिराला तो वाचता येत नाही, कारण कंपनीने त्याला कुलूप लावले आहे. वसईच्या घंटेचा टोला ज्या सहजतेने सगळ्यांना ऐकू जात होता, त्या तोडीची खरी माहिती इथे उपलब्ध असूनही ती मुद्दाम मुकी ठेवलेली आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आणले आणि २००१ चे मोडीत काढले. उत्पादकावर जबाबदारी टाकली. विजेच्या वाहनांच्या बॅटऱ्यांतून २०२६-२७ पासून नव्वद टक्के साहित्य परत मिळवण्याचे बंधन घातले आणि २०२७-२८ पासून नव्या बॅटरीत पाच टक्के पुनर्प्राप्त साहित्य वापरण्याचे, जे २०३०-३१ मध्ये वीस टक्क्यांवर जाईल. २०२५ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन भंगारावरचे आयातशुल्क उठले आणि त्याच वर्षी महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी दीड हजार कोटींची योजना मंजूर झाली. दिशा चांगली आहे. काळजी वाटते ती पूर्वानुभवाने: या साऱ्याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्रे चालणार आहेत आणि प्लास्टिकच्या बाबतीत अशाच व्यवस्थेत २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे सापडली होती. शिवाय नियमांचा सगळा भर शेवटच्या भट्टीवर आहे. मधल्या आयुष्यात बॅटरी गाडीच्या मालकाकडून दुरुस्तीवाल्याकडे, तिथून एखाद्या इन्व्हर्टरमध्ये आणि तिथून आठवडी बाजारातल्या भंगाराच्या हातगाडीवर जाते, तेव्हा तिचा माग कुणी ठेवायचा याचे उत्तर त्यांत धूसर आहे. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ पासून पुण्यात उभी आहे. शहराचा कचरा प्रत्यक्ष कोणाच्या हातांतून जातो हे तिने महापालिकेला ओळखपत्रांसकट मान्य करायला लावले. जुन्या लिथियम बॅटऱ्याही अखेरीस त्याच हातांत पडणार आहेत, तरी नियमांत त्या हातांना प्रशिक्षण, हातमोजे किंवा रास्त भाव देण्याची जबाबदारी कोणाही उत्पादकावर स्पष्ट शब्दांत टाकलेली नाही.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या विजेच्या वाहनांच्या प्रत्येक बॅटरीसोबत तिचा डिजिटल पासपोर्ट असावा लागेल. चाकणच्या किंवा होसूरच्या ज्या कारखान्याला आपली गाडी त्या बाजारात पाठवायची आहे, त्याला ही नोंद ठेवावी आणि दाखवावी लागणारच. मग तीच नोंद नांदेडच्या किंवा जतच्या ग्राहकाच्या बॅटरीबरोबर न देण्याला तांत्रिक कारण उरत नाही. बीएमएसमधला आरोग्याचा वृत्तांत बॅटरीच्या प्रत्येक पुढच्या मालकाला आणि नोंदणीकृत दुरुस्तीवाल्याला खुला करणे, भाड्याने दिलेल्या बॅटरीची मालकी आणि तिच्या अंताचा खर्च एकाच हिशेबात बांधणे, आणि दुसऱ्या आयुष्यासाठी विकलेल्या बॅटरीवर किमान मुदतीची हमी सक्तीची करणे, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही. २०२२ च्या नियमांत एक दुरुस्ती पुरेशी आहे आणि ती गेल्या तीन-चार वर्षांत विकल्या गेलेल्या लाखो स्कूटरच्या बॅटऱ्या उतरायच्या आत झाली पाहिजे.